सातवीच्या पोरांचा समाजसेवा प्रकल्प: यंदा विषय पोरांनीच निवडलाय, पालकांनी कुठवर लुडबुड करावी?

चिंचेचं_झाड
बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

लेक सातवीत आहे. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले, यंत्रमागाचा पट्टा, दिवसाआड पाणी आणि तेही पहाटे. शाळेत दरवर्षी समाजसेवा प्रकल्प असतो आणि आजवर तो म्हणजे वृक्षारोपण. गेल्या साली मी स्वतः गेलेले. मुलं रांगेत, पाहुणे आले, नारळ फुटला, एका रोपाला सात जणांनी हात लावून फोटो. लेक घरी येऊन म्हणते, "आई, खड्डा मागच्या वर्षीचाच होता, त्यातली वाळकी काडी सरांनी आधीच उपटून टाकली." आता यावर काय बोलणार!

यंदा वर्गाला नवीन बाई आल्यात. त्यांनी सांगून टाकलं, विषय तुम्ही ठरवा, मी नुसती सोबत असेन. दोन तास भांडणं झाली म्हणे. चौघांना प्लॅस्टिक पाहिजे होतं, एकाला भटकी कुत्री (त्याला चावलंय एकदा), शेवटी हात वर करून 'पाणी वाया जातंय' यावर शिक्का बसला. आता पोरांचा प्लॅन असा की प्रभातफेरी, घोषणा, 'पाणी वाचवा' चे चार्ट. आणि पालकांच्या ग्रुपवर सुरू झालंय, एक म्हणतात मी फ्लेक्स स्पॉन्सर करतो, दुसऱ्या ताई म्हणतात माझं अक्षर चांगलंय चार्ट मी रंगवते, तिसऱ्यांनी तर घोषणा यमक जुळवून पाठवल्या पण.

मला वाटतं पोरांचं पोरांना करू द्यावं. पण खरं सांगते, हात माझेही शिवशिवतायत. तुमच्याकडे असं काही झालंय का? खरंच मुलांनी केलेलं, फोटोपुरतं नाही?

टिवल्याबावल्या
चार्ट आईचा, मॉडेल बाबांचं, फ्लेक्स काकांचा, सर्टिफिकेट पोराला. समाजाची सेवा होते की नाही माहीत नाही, स्टेशनरीवाल्याची नक्की होते.

जुनाट_पेन
आमच्या वेळी याला कार्यानुभव म्हणायचे. 1964-66 च्या कोठारी आयोगाने तो शब्द आणला, नंतर 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याचं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' केलं, इंग्रजी शाळांत एसयूपीडब्ल्यू (सोशली यूजफुल प्रॉडक्टिव्ह वर्क). पोरं त्याचा फुल फॉर्म 'सम यूजफुल पीरियड्स वेस्टेड' असा सांगायची ते उगीच नाही. आम्ही तीन वर्षं खडू केले. एकही खडू फळ्यावर उठला नाही. पण सर सहामाहीला मार्क द्यायचे बरोब्बर पंधरापैकी तेरा, सगळ्या वर्गाला.

कागदावरची कल्पना चांगली होती हो, हाताने काम आणि गावाशी संबंध. वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास मिळाला की कुठल्याही कल्पनेचं जे होतं तेच तिचं झालं.

खडू_डस्टर
मी जि.प. शाळेत शिक्षक, सहावी ते आठवी. ताई, तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा, 'विषय तुम्ही ठरवा' म्हणायला छाती लागते, कारण वरून अहवालाचा फॉरमॅट आधी येतो आणि प्रकल्प नंतर.

एकच सुचवतो, पोरांना थेट घोषणांवर जाऊ देऊ नका, म्हणजे अडवू नका पण विचारा की पाणी वाया जातंय हे तुम्हाला कुणी सांगितलं, कुठे बघितलंत, किती जातंय, आणि ज्याच्या घरचं जातंय तो काय म्हणतो. अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या किरण बीर सेठी यांनी 2009 मध्ये 'डिझाइन फॉर चेंज' हा मुलांसाठीचा उपक्रम सुरू केला, त्यात चार पायऱ्या आहेत, जाणवणं, कल्पना करणं, करून बघणं आणि मग इतरांना सांगणं. आपल्याकडे शाळा चौथ्या पायरीवरनं सुरुवात करतात. आधी बॅनर, मग जमलं तर काम.

आणि वेळ नाही असं शाळा म्हणाली तर नवीन शैक्षणिक धोरणात (2020) सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना आहेत. मूळ हेतू गावातल्या कारागिरांकडे जाऊन काम शिकणं हा आहे, सुतार, कुंभार, माळी वगैरे. प्लंबर त्यात बसतो की.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं समाजसेवा म्हणजे ग्राम स्वच्छता. गाडगेबाबांच्या जिल्ह्यातली शाळा, त्यामुळं खराटा ठरलेलाच. पण बाबा स्वतः झाडत होते ना बाप्पा, इथं गुर्जी खुर्चीवर! माझ्या पोरीनं सांगितलं ते ऐका. झाडू पोरींच्या हाती, पाण्याच्या बादल्या पोरांच्या हाती, अन् संडासाच्या बाजूला कोणाले पाठवलं तर वस्तीवरच्या दोन पोरायले. कोणी काही बोललं नाही, सगळ्यायले ते बरोबरच वाटलं. पोरगी म्हणे बाबा त्यायलेच काऊन पाठवते दरवेळी? मी शाळेत जाऊन बोललो तर म्हणे 'त्यांना सवय आहे'. राहिलं ना मग.

प्रकल्प काहीबी करा, पण काम वाटताना चिठ्ठ्या टाका.

चिंचेचं_झाड
@वऱ्हाडी_ठेचा हे वाचून गप्प झाले. बाईंना स्क्रीनशॉट पाठवला. त्या म्हणाल्या चिठ्ठ्याच टाकणार, आणि टाकल्या पण.

मेरीलँडकर
इथला अनुभव देतो. आमच्या मेरीलँड राज्यात (अमेरिका) हायस्कूल पास व्हायला 75 तास सेवा करावीच लागते, 1992 चा नियम, 1997 च्या बॅचपासून लागू. आमच्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) पाचवी संपली की त्या उन्हाळ्यापासून तास जमवता येतात, म्हणजे तुमच्या लेकीच्या वयाची मुलं त्यातच. कागदावर तीन टप्पे, तयारी, प्रत्यक्ष काम आणि नंतर त्यावर विचार करून लिहिणं.

व्यवहारात काय होतं, मुलांना '75' हा आकडा पाठ असतो आणि बाकी काही नसतं. आमच्या मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडल्या तर तास मिळतील का, असं विचारणारे आईबाप मी बघितलेत, त्यात एक मी होतो. पोराने फूड बँकेत दोन उन्हाळे डबाबंद वाटाणे खोक्यात भरले. ते खाणारं माणूस त्याने एकदाही बघितलं नाही. त्याच पोराने शेजारच्या आजोबांना त्यांचा फोन शिकवला सहा महिने, दर रविवारी, कुणी न सांगता. त्याचे तास शून्य, कारण आजोबा संस्था नाहीत!

तरी सक्तीमुळे काही मुलं तरी घराबाहेर पडतात, अगदीच वाईट म्हणणार नाही.

टिवल्याबावल्या
आजोबांची संस्था रजिस्टर करून टाका.

चिंचेचं_झाड
अपडेट देते, दोन आठवडे झाले.

प्रभातफेरी पुढे ढकलली. बाईंनी खडू_डस्टर सरांचाच प्रश्न वर्गात विचारला (तुमचं नाव न घेता) की पाणी कुठं वाया जातंय ते दाखवा. पोरं वर्गातनं उठली आणि सरळ शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या रांगेकडं गेली. चौदा चाव्या, त्यातल्या पाच ठिबकतायत. (आमच्याकडं नळाला चावी म्हणतात, पुण्याच्या मंडळींनी कुलूप शोधू नये.) वर्षानुवर्षं तिथंच पाणी पितात, आज पहिल्यांदा मोजल्या.

मग स्टीलचा 200 मिलीचा पेला लावून घड्याळ धरून बसली. सगळ्यात वाईट चावीखाली पेला बारा मिनिटांत भरला. तासाला पाच पेले, दिवसाला 120, म्हणजे 24 लिटर. बाईंनी सांगितलं की जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर धरलेत, तर वर्गात एकदम आवाज झाला, जवळजवळ अर्धा माणूस गेला गटारात!

पण मागच्या बाकावरचा एक पोरगा (कुत्रेवाला तोच) म्हणाला, बाई 24 चुकीचं आहे. टाकी तर तीनला रिकामी होते, मग चोवीस तास कुठनं ठिबकेल. परत मोजलं. सकाळी सातला टाकी भरते ते तीन, आठ तास, आठ लिटर. आकडा लहान झाला म्हणून निम्मा वर्ग त्याच्यावर नाराज. बाईंनी मात्र फळ्यावर आठच लिहिले.

जुनाट_पेन
त्या पोराला माझ्यातर्फे पंधरापैकी पंधरा.

लातूरची_लेक
पाण्याचं वाचलं आणि राहवलं नाही. 2016 ला मी सातवीतच होते. मार्चमध्ये टाक्यांपाशी 144 कलम लावलेलं, पाच माणसं एकत्र उभी राहायची नाहीत, पाण्यासाठी! एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. 12 एप्रिलला पहाटे पोचली, लोक बघायला गेलेले, आमचे पप्पा पण.

तेव्हा आम्हाला कुणी प्रकल्प दिला नव्हता. पण आमच्या गल्लीत आम्ही पाच पोरींनी वही केली होती, टँकर कधी आला, किती घागरी कुणाला. कारण भांडणं व्हायची की त्यांना जास्त मिळालं. मोठी माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हती पण वहीवर ठेवायची, कारण पोरींची वही, पोरी कशाला खोटं लिहितील. एका काकूंनी मला चार घागरी जास्त लिही म्हणून गुळाचा खडा दिला होता. गूळ खाल्ला, लिहिलं नाही. ती वही अजून आहे घरी.

खडू_डस्टर
@लातूरची_लेक त्या वहीचं पानभर तरी टंकून इथे टाका हो, मी वर्गात वाचून दाखवीन.

शंकासुर
सगळं गोड चाललंय म्हणून विचारतो. नळ दुरुस्त करणं हे शाळेचं काम, पाणीपुरवठा पालिकेचं काम. बारा वर्षांच्या मुलांनी फुकट करायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या? उद्या वर्गाची गळकी कौलं पण पोरंच शाकारतील. समाजसेवेच्या नावाखाली ज्यांची जबाबदारी ते सुटतात, आणि पोरांना शिकवण काय मिळते तर तक्रार करू नका, स्वतः पुसा.

खडू_डस्टर
मुद्दा मान्य आहे. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे, एक हात कामाला आणि एक अर्ज लिहायला. गेल्या वर्षी पोरांनी शाळेपुढच्या खड्ड्यात मुरूम टाकला नाही, ग्रामपंचायतीला अर्ज दिला, पोचपावती घेतली, पंधरा दिवसांनी परत गेली. सरपंच पोरांना बघून दुसऱ्या दाराने गेले, ते पोरांनी पाहिलं. नागरिकशास्त्राच्या चार धड्यांत जे कळत नाही ते तिथं कळलं.

खड्डा अजून आहे, खोटं कशाला सांगू.

चिंचेचं_झाड
शंकासुरांचं वाचून मीही विचारात पडले होते, पण तेवढ्यात इथं एवढं घडलं की लिहायलाच वेळ नाही झाला.

आधी शाळेच्या चाव्या. एका मुलीचे वडील प्लंबर, त्यांना बाईंनी बोलावलं. त्यांनी एक चावी दुरुस्त करून दाखवली आणि बाकीच्या चार चाव्या पोरांना करायला दिल्या. पाना लावून वरचा भाग फिरवून काढायचा, आत दट्ट्याच्या टोकाला काळा रबरी वॉशर, तो इतका झिजलेला की मधोमध गोल चर पडलेला. नवा बसवायचा, पाच-दहा रुपयांचा, दोऱ्यांवर पांढरी टेप गुंडाळायची, फिरवायचं. तिसऱ्या चावीला पोरं मेन कॉक बंद करायची विसरली आणि कारंजं उडालं, हेडसर नेमके तिथनं जात होते, शर्ट पँटसकट ओले. पोरं आठवडाभर तेवढंच सांगत होती. मुद्दा असा की चिठ्ठीत पाना माझ्या लेकीला आला होता, आणि चरा पडलेला जुना वॉशर तिनं कंपासपेटीत ठेवलाय.

मग गल्ली. पोरं वही घेऊन संध्याकाळी पाचला बासष्ट घरं फिरली. एकही चावी ठिबकत नव्हती! खूश होऊन परत आली. बाई काही बोलल्या नाहीत. रात्री माझ्या लेकीची ट्यूब पेटली, आई संध्याकाळी लाईनला पाणीच नसतं की गं. म्हणजे कोरड्या चाव्या तपासून आले सगळे.

म्हणून पाण्याच्या दिवशी पहाटे पावणेपाचला निघाले, दोन पालक आणि बाई सोबत (एक मी, लुडबुड न करता, फक्त बॅटरी धरायला). आणि काय बघतो, गटार वाहतंय खळखळ, नऊ घरांच्या चाव्या सताड उघड्या, घरात सगळे झोपलेले. पोरं भडकली. ठरलं, या नऊ घरांवर लाल स्टिकर लावायचा, 'पाणी चोर'. मी तोंड उघडणार होते, गप्प बसले. बाई एवढंच म्हणाल्या, आधी एका घरात विचारून येऊ.

पहिलं घर एका आजींचं. एकट्या राहतात. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं आणि सांगितलं, "आगं पोरींनो, चावी बंद करून झोपलो तर पाणी आलेलं कळंल कसं मला? उघडीच ठेवतो, खाली पत्र्याची बारडी. पाणी पडलं की तडतड आवाज हुतोय, उठतो. प्लॅस्टिकची बारडी दिलीया सुनंनं, तिला आवाजच न्हाई. आज डोळा लागला, काय करू."

पाणी साडेचार ते सहा कधीही येतं. कधी चार. कुणाला माहीत नसतं. नऊपैकी सात घरांत हेच कारण. उरलेल्या दोघांच्या चाव्या खरोखर बिघडलेल्या.

लाल स्टिकर बाद झाले. परत येताना कुणी बोलत नव्हतं.

मेरीलँडकर
ती पत्र्याची बादली! कराडला आमच्या आईचीही हीच पद्धत होती, पितळेचं घंगाळ ठेवायची. त्या आवाजाने मी दहावीपर्यंत उठलोय. विसरूनच गेलो होतो.

दर्याकिनारी
गोव्यातून. आमच्याकडे सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी किनारा सफाई दिन असतो, मुलं हातमोजे घालून जातात, दुपारी फोटो, सोमवारी किनारा परत तसाच. यंदा आठवीच्या एका वर्गाने गोळा केलेलं वेगवेगळं करून मोजलं, तर सगळ्यात जास्त बाटल्यांची बुचं आणि सिगारेटची थोटकं. मग पोरं शॅकवाल्यांकडे (किनाऱ्यावरची खाण्यापिण्याची दुकानं) गेली विचारायला. ते म्हणाले बाटली आम्ही परत घेतो, भंगारवाला पैसे देतो, बुचाला कोण घेतो? तुमच्या आजींसारखंच झालं बघा, विचारल्याबगर कळत नाही.

पुणेरी_मिसळ
मीरा रोडचे आबिद सुरती आठवले. लेखक-चित्रकार माणूस, 2007 पासून दर रविवारी प्लंबर घेऊन घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देत आले. त्यांना थेंबाचा आवाज सहन व्हायचा नाही आणि तुमच्या आजी त्याच आवाजावर उठतात. पाण्याचा आवाज दोन्हीकडे तोच, गंमत आहे.

शंकासुर
माझा मुद्दा आता आणखी पक्का झाला. पाणी कधी येणार हे सांगणं पालिकेचं काम आहे.

चिंचेचं_झाड
@शंकासुर अगदी. पोरांनीही तेच म्हटलं आणि अर्ज लिहिला, वेळ ठरवा किंवा आधी कळवा. सत्तावीस सह्या आणि एक अंगठा (आजींचा हट्ट, सही येते तरी). पोचपावती मिळालीय, उत्तर नाही.

तोवर काय करायचं म्हणून चावीवाल्यांना गाठलं, म्हणजे जे चौकातला व्हॉल्व्ह सोडतात ते. पोरांनी त्यांना विचारलं मामा रोज वेळ का बदलता. ते म्हणाले, मी कुठं बदलतो, वरच्या टाकीत पाणी चढलं की मला फोन येतो मग मी सायकल काढतो. लाईट गेली की पंप बंद, मग उशीर. त्यांच्याकडं साधा बटनाचा फोन. ठरलं असं की त्यांनी निघताना एकाला मिस्ड कॉल द्यायचा. एका मुलाचे वडील दूध घालतात, चारला उठतातच, त्यांचा नंबर. आणि त्या मुलानं पी.टी.ची शिट्टी गल्लीभर वाजवत जायचं.

दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी एक काका दार उघडून भांडायलाच आले. रात्रपाळी करून साडेतीनला मागावरनं येऊन झोपतात बिचारे, कानाशी शिट्टी. पोरांनी त्यांचं घर वहीत लिहिलंच नव्हतं की कोण कधी झोपतं. आता शिट्टी बंद, मिस्ड कॉलची साखळी केलीय, एकानं तिघांना, तिघांनी नऊ जणांना. काकांना साखळीतनं वगळलंय, त्यांची बायको शेजारणीला उठवते.

नऊपैकी पाच घरांनी चावी बंद ठेवायला सुरुवात केलीय. दोन बिघडलेल्या पोरांनी दुरुस्त केल्या. आजींनी नाही केली बंद. त्यांच्याकडं फोन आहे पण ऐकू कमी येतं, बादलीचा आवाज मात्र येतो म्हणे! आता लेक आणि तिची मैत्रीण पाण्याच्या दिवशी आळीपाळीनं त्यांच्या दारावर थाप मारून येतात. प्रकल्प संपला तरी जातायत, मी विचारलं नाही किती दिवस.

शाळेच्या अहवालात 'कार्यक्रमाचे चार रंगीत फोटो जोडावेत' असं आहे. अंधारात कुणी काढलेच नाहीत. बाईंनी कारंज्याचा एक आणि वहीच्या पानाचे तीन चिकटवले.

टिवल्याबावल्या
कारंज्याच्या फोटोत हेडसर आहेत का? असतील तर इथे टाका, धाग्याची शोभा वाढेल.

चिंचेचं_झाड
आहेत. नाही टाकणार, मुलगी अजून तीन वर्षं त्याच शाळेत आहे.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, तो वॉशर कोणत्या मापाचा म्हणाल्या? आमच्या पोरीनं तुमचा धागा वाचला, आता शाळेतल्या चाव्या, आपलं ते नळ, मोजून आली. सहा आहेत म्हणे.

चिंचेचं_झाड
आमच्या अर्धा इंची होत्या. पण मापाच्या भानगडीत पडू नका, जुना वॉशर काढून खिशात घालून दुकानात न्या आणि तसलाच मागा, प्लंबर काकांनी पोरांना हेच सांगितलं. दोन जास्तीचे आणा. आणि आधी मेन कॉक बंद करा!